रहिवाशांचं वजन

क्षमा केली की मन हलकं होतं, असं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांचं बहुधा फारसं काही गेलेलं नसतं. मी स्वतः डूख धरणारा माणूस आहे आणि माझ्या जातकुळीतले पुष्कळ पाहिलेत. पण त्यातले बहुतेक दोन दिवस धुसफुसतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर चहा पितात. डूख सांभाळावा कसा, त्याला गंज चढू न देता वर्षानुवर्षं टिकवावा कसा, हे मी एकाच माणसाकडून शिकलो. निर्मला सोनकांबळे, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सोनकांबळे मॅडम.

आमचं ऑफिस हैदराबादेत आबिड्सला, चपलांच्या एका दुकानाच्या वर. तिथं काय काम चालतं ते सांगितलं की लोक हसतात. आम्ही पर्यटनस्थळांना मार्क देतो. गाव पाहुण्यांना किती ओढतं, रस्ता कसा, राहायच्या खोल्या कशा, शेजारच्या गावांपुढे ते टिकेल का, ही झाली स्पर्धाक्षमता. आणि पाहुणे येऊन गेल्यावर तिथलं पाणी, झाडं, माणसं धड राहतील का, ही शाश्वतता. दोन्हींचे मार्क एकत्र करायचे आणि गावांना नंबर लावायचे. ते नंबर छापून आले की हॉटेलवाले पहिल्या गावाकडे धावत सुटतात. तेव्हा हसण्यासारखं त्यात काही नाही.

मॅडम मलकपेठला राहायच्या. घराणं मराठवाड्यातलं, बौद्ध. वडील नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. मॅडमचं बोलणं त्यामुळे अर्धं नांदेडचं आणि अर्धं मलकपेठच्या बाजारातलं. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत त्याच्याकडे न हलता बघत राहायची सवय. त्या नजरेखाली भल्याभल्यांची वाक्यं मध्येच लंगडी होत.

त्यांच्या रागाची चुणूक मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच मिळाली. खालच्या दुकानातून त्यांनी कधीकाळी घेतलेल्या चपलेचा तळ आठवड्यात सुटला होता आणि मालकानं बदलून द्यायला नकार दिला होता. तेव्हापासून मॅडम अधूनमधून त्या दुकानात जात, ऐन गर्दीच्या वेळी बाकड्यावर बसत, खोक्यांचा ढीग उतरवून घेत, एकेक जोड पायात घालून आरशापुढे चालून दाखवत, आणि शेवटी म्हणत, "नक्को." मालकाचे केस माझ्यादेखत पांढरे झाले. एकदा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अम्मा, तुमचे ते जुने पैसे घ्या आणि मला सोडा." मॅडम म्हणाल्या, "पैसे कायको? मी तर गिऱ्हाईक आहे." आणि पुढचा जोड मागितला.

दौऱ्यावर त्यांची पद्धत वेगळी होती. आम्ही बाकीचे आधी किल्ला, देऊळ, धबधबा, जे काही असेल ते बघायला जायचो. मॅडम गाडीतून उतरल्या की हॉटेलांच्या मागच्या अंगाला वळत. सांडपाणी कुठं जातं, उष्टं कुठं टाकतात, पाण्याची पाइपलाइन कुठून आणलीय. "पुढून सगळीच गावं देखणी असतात रे जाधव," त्या मला म्हणत. आमचे ड्रायव्हर खाजाभाई नाकाला रुमाल लावून मागे थांबत. "मॅडम को ताजमहल दिखाओ तो भी पूछेंगे, इसकी मोरी किधर है," असं ते मला हळूच सांगत, आणि ते मॅडमना ऐकू जाईल अशाच बेतानं सांगत.

नंतर त्या घरोघर जायच्या. छापील प्रश्न पुष्कळ होते, पण त्यांचा स्वतःचा प्रश्न एकच: "पाहुणे आले की तुम्ही कुठं जाता?" लोक आधी गोंधळत. मग एखादी बाई सांगे, की सुट्टीच्या दिवशी नदीवर धुणं नेता येत नाही, परके पुरुष फोटो काढतात. एखादा म्हातारा म्हणे, पारावर बसायचो, तिथं आता गाड्या लावतात. मॅडम ते सगळं शब्द न बदलता उतरवून घेत. रहिवाशांचं मत हा आमच्या मोजणीतला एक रकाना होता, आणि तो भरताना त्यांच्याइतका जीव ओतणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

आमचे डायरेक्टर होते सूर्यवंशी सर. शेतीवाडी असलेलं जुनं घराणं, आता बंजारा हिल्सला फ्लॅट, बोलणं मधासारखं. माझं आडनाव जाधव, म्हणून मला एकांतात "तू तर आपल्यातला" म्हणायचे. मॅडमना असं कधी म्हणाले नाहीत. या वाक्याचा अर्थ हैदराबादेतही बरोबर समजतो.

आता बगळखेडचं सांगतो. बिदर ओलांडून पुढं गेलं की हे गाव लागतं. मोठं जुनं तळं, हिवाळ्यात त्यावर बगळ्यांचे थवे, काठाला दगडी घाट. मॅडमची सख्खी मावशी, शांताबाई, त्या गावात दिलेली. मी नोकरीत नवा असताना आम्ही तिथं पाहणीला गेलो, तेव्हा ही मावशी पदर खोचून आमच्याबरोबर दारोदार फिरली. लोक कागद बघून बिचकत, तर ही म्हणे, "भाची हाय माझी. खरं खरं सांगा. ती लिहील ते वर जाईल." मॅडमनीही शब्द दिला, की तुम्ही सांगाल ते मोजलं जाईल. आणि गावानं सांगितलं. तळं प्यायच्या पाण्याचं आहे, चार पाहुणे आले तर येऊ द्या, पण काठावर हॉटेल नको. मावशीनं स्वतःचं मत शेवटी दिलं: "या घाटावर पाय ठेवायला आमच्या आजेसासऱ्यानं मार खाल्ला. तवा कुठं आमाला हितलं पाणी मिळालं. एवढंच लिही, जास्त नको."

हैदराबादला परतल्यावर बैठक झाली. आमच्या मोजणीत प्रत्येक रकान्याला मार्क असतात आणि मार्कांना वजन असतं. शाळेत चित्रकलेला मार्क मिळायचे, प्रगतिपुस्तकात छापूनही यायचे, पण टक्केवारीत धरत नसत, आठवतंय ना? वजन शून्य म्हणजे तेच. सूर्यवंशी सरांनी त्या दिवशी रहिवाशांच्या मताचं वजन शून्य केलं. रकाना तसाच राहील, प्रश्न विचारायचे, उत्तरं छापायची. फक्त नंबर लावताना धरायची नाहीत.

"गावकऱ्यांचं मत म्हणजे भावना, सोनकांबळे," ते गोड हसून म्हणाले. "भावनांना वजन कसं द्यायचं?"

"पाहुण्यांच्या मताला दिलंय की, सर. त्यांना भावना नसतात?"

सरांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला.

बगळखेड पहिलं आलं. नंबरांची पुस्तिका छापली गेली, आणि बगळखेडच्या पानावर पाहणी करणारी म्हणून नाव होतं निर्मला सोनकांबळे. वजन कुणी ठरवलं ते असल्या पुस्तिकेत कधीच नसतं. मग व्हायचं तेच झालं. काठावर रिसॉर्ट उभे राहिले, तळ्यात मोटारबोटी आल्या, घाटाला फाटक बसलं आणि तिकीट लागलं. रिसॉर्टांचं सांडपाणी तळ्यात आणि गावाला टँकर. मॅडम धावत गेल्या, मी बरोबर होतो. मावशीच्या दारात गावातल्या चार बाया बसल्या होत्या, त्यांनीच सुनावलं, की शांताबाईच्या भाचीनं गाव विकलं. मावशी उंबऱ्यात आली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी तसं लिवलं नव्हतं गं." मावशी म्हणाली, "मी तुला दारोदार फिरवलं. आता ती दारं मला बंद झाली." आणि तिनं आपलंही दार लावून घेतलं.

त्यानंतर मावशी भाचीशी बोलली नाही. नात्यातल्या लग्नात समोर आली की तोंड फिरवून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायची. मॅडमची आई लहानपणीच गेलेली, या मावशीनंच त्यांना न्हाऊमाखू घातलेलं. त्या दिवशी परत येऊन मलकपेठला उतरताना मॅडम म्हणाल्या, "जाधव, या माणसाच्या तोंडून मी मावशीसमोर खरं काढणार. आणि तेवढ्यावर सोडणार नाही." आवाज चढलेला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मला वाटलं, त्या आता तक्रार करतील, नोकरी सोडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. पुण्याहून चांगली नोकरी चालून आली, ती नाकारली. "सूर्यवंशी असेपर्यंत मी कुठं हलत नाही," म्हणाल्या. दर वर्षी वजनं ठरवायची बैठक होई, आणि दर वर्षी सगळं आटोपल्यावर मॅडम हात वर करत. "सर, रहिवाशांच्या मताचं वजन?" सर म्हणत, "शून्य." मॅडम म्हणत, "बरं." एवढंच. पहिल्या एक-दोन वर्षी लोक चुळबुळले. पुढं पुढं सगळे त्या क्षणाची वाट बघू लागले. सर आधीच घाम पुसायला लागत आणि 'शून्य' म्हणताना खिडकीबाहेर बघत.

असं असूनही सूर्यवंशी सरांनी एक चूक केली, जी आमच्या धंद्यातलाच माणूस करू जाणे. त्यांनी स्वतः लावलेल्या नंबरावर विश्वास ठेवला. तळं नासलं तरी पाहुण्यांच्या मार्कांवर दर वर्षी बगळखेड पहिलं, दर वर्षी त्यांच्या हातानं पहिलं, आणि ते वाचून वाचून त्यांना खरंच वाटायला लागलं, की म्हातारपण घालवायला याच्यासारखी जागा नाही. निवृत्त होताच बंजारा हिल्सचा फ्लॅट विकून त्यांनी बगळखेडच्या तळ्याकाठी बंगला बांधला. निरोपाच्या भाषणात डोळे मिटून म्हणाले, "आता बगळे, पाणी आणि मी." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून वाजवल्या, की मी चमकून बघितलं.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहानं म्हणालो, "मॅडम, आता रहिवाशांना वजन द्या. आजच देऊन टाका."

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी पाहणी. बगळखेडची मी स्वतः करणार. आणि तळ्याकाठचे नवे रहिवासी कोण कोण आहेत, ते काढ."

सूर्यवंशी सरांच्या बंगल्यापुढे आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला चिकटून पाहुण्यांच्या दोन बस उभ्या होत्या आणि पलीकडे डीजे चालू होता. सर दारात आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. नोकरीत 'सोनकांबळे' म्हणणारा माणूस आता म्हणाला, "या, या, निर्मलाताई!" घरात एकटेच होते, बाईसाहेब कंटाळून मुलीकडे निघून गेल्या होत्या. मॅडमनी खुर्चीवर बसून पेन काढलं आणि विचारलं, "सर, पाहुणे आले की तुम्ही कुठं जाता?"

आणि सर सुटले. मागच्या खोलीत खिडक्या लावून बसतो, म्हणाले. बोअर आटलं, टँकरच्या रांगेत उभा राहतो. तळ्याचा असा वास येतो की जेवण जात नाही. दारू पिऊन लोक कुंपणाशी येतात, बोललं तर अंगावर धावतात. बगळे आता फिरकतही नाहीत. पंचायतीत सांगितलं, तहसीलला अर्ज केला, कुणी दाद देत नाही. मॅडम शब्द न शब्द उतरवत होत्या. मध्ये एकदा मायेनं म्हणाल्यासुद्धा, "पाणी प्या, सर. सावकाश सांगा."

सगळं सांगून झालं. सर म्हणाले, "हे नीट वर जाऊ द्या, निर्मलाताई. नंबर खाली आला तर गर्दी हटेल. याला किती वजन धरता?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "शून्य, सर."

डीजेचा दणका भिंतींतून येत होता. मी आयुष्यात फार सुखं उपभोगलेली नाहीत, पण सरांचा तो चेहरा मी पोटभर बघितला. मागे दारात उभे असलेले खाजाभाई पुटपुटले, "या अल्ला, क्या सुनाए!"

"पण आता तुम्ही प्रमुख आहात," सर शेवटी म्हणाले. "तुम्ही बदलू शकता."

"बदलेन ना. उद्या गावात मिटिंग बोलावते. तिथं उभं राहून सांगा, शून्य कुणी केलं. सांगितलंत तर वजन देते. नाही सांगितलंत तर पुढच्या वर्षी परत येते प्रश्न विचारायला."

त्या रात्री आम्ही बिदरला मुक्काम केला. माझ्या मनात एक गोष्ट सलत होती ती मी बोललो. "मॅडम, ते नाहीच आले तर? गावानं अजून एक वर्ष काढायचं?" त्यांनी माझ्याकडे त्यांच्या त्या नजरेनं बघितलं. "येईल," म्हणाल्या. मग खोलीकडे जाता जाता, "नाही आला तरी वजन देणार आहे रे मी. ते त्याला कशाला सांगू?"

सर आले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढं बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यात काठी टेकून मावशी. सर उभे राहिले आणि सुरू झाले, "तत्कालीन निकषांच्या तांत्रिक मर्यादांमुळे..."

"मराठीत बोला, सर," मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं होतं. निर्मलाताईंनी ते तसंच लिहिलं होतं. ते धरायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांनी विरोध केला होता."

मला शिव्यांची अपेक्षा होती, निदान एखाद्या चपलेची. मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हंजी आमचं म्हननं तू पुसलं?"

"पुसलं नाही, आजी. फक्त धरलं नाही."

"पुसलं असतंस तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली. "पुसाया बी आधी वाचावं लागतं."

मग ती मॅडमकडे वळली. "आन् तू गं? इतकी वरसं तुला हे सांगता येईना?"

"मी सांगितलं असतं तर मानलं असतंस?"

मावशीनं जरा विचार केला. "नस्तं मानलं," म्हणाली आणि सतरंजीवर सरकून शेजारी जागा केली. मॅडम तिथं जाऊन बसल्या. इस्त्रीची साडी धुळीत गेली, पण त्यांनी ती सावरली नाही.

मॅडमनी शब्द पाळला. रहिवाशांच्या मताला त्यांनी असं दणदणीत वजन दिलं, की बगळखेड पहिल्या नंबरावरून थेट तळाला गेलं. मोठ्या हॉटेलवाल्यांनी हळूहळू गाशा गुंडाळला, मोटारबोटी दुसऱ्या तळ्यावर गेल्या. फाटक निघालं, तिकीट गेलं. गर्दी हटली, पण तळं काही लगेच नितळ झालं नाही, टँकर चालूच राहिला. सूर्यवंशी सरांनी बंगला विकायला काढला. तर शेवटून पहिल्या आलेल्या गावात बंगला कोण घेणार? नंबर खाली आणा, असं त्यांनी जे मागितलं होतं, ते त्यांना पुरेपूर मिळालं होतं. त्यांनी मॅडमना फोन केला, की बगळखेडबद्दल दोन शब्द बरे लिहा, एखादं गिऱ्हाईक येईल. मॅडम म्हणाल्या, "सर, आता तुम्ही रहिवासी. तुमचं मत आम्ही दर वर्षी घेऊ." फोन ठेवून त्यांनी मला चहा मागवायला सांगितला आणि स्वतःहून भजी मागवली, जी त्या एरवी खात नसत.

एवढ्यावर गोष्ट संपती तर मी म्हणालो असतो, फिट्टंफाट झाली. पण पुढच्या हिवाळ्याच्या आत मावशी गेली. मॅडमना तिच्याशी बोलायला जेमतेम काही महिने मिळाले. त्या दर रविवारी जायच्या, मावशी घाटाच्या पायरीवर बसून बोलायची, आणि मधल्या इतक्या वर्षांतलं काय काय सांगायचं राहिलंय ते दोघींनाही आठवायचं नाही. हे मॅडमनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी हसवायला बघते, ती हसते. पण पावण्यासारखी हसते रे जाधव," त्या म्हणाल्या.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते मावशीच्या पुण्यानुमोदनाला. तिथून त्या ऑफिसात परतल्याच नाहीत, नोकरी सोडून नांदेडकडे भावाकडे गेल्या, नंतर भेट नाही. विहारापुढच्या मांडवात त्रिसरण झालं, लोकांनी फुलं वाहिली. जेवणं सुरू झाली तेव्हा मॅडम पांढऱ्या साडीत पंगतीला वाढत होत्या. सूर्यवंशी सर मांडवाच्या कडेला उभे होते, बरेच वाळलेले, अंगावर घरी धुतलेला चुरगळलेला सदरा. मला बघून हसायचा प्रयत्न केला, मी काही हसलो नाही. थोड्या वेळानं ते मॅडमपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले.

"निर्मलाताई, सगळ्यांसमोर सांगितलं मी. तुम्ही म्हणाल ते केलं. आता तरी माफ करा."

मॅडमच्या हातात वरणाची बादली होती. नेहमीप्रमाणे त्यांनी सरांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मावशीला विचारा." आणि त्या पुढच्या पानाकडे गेल्या.